साडेसहाची पायरी

जुलै २०२५ चं वीजबिल आलं तेव्हा मी आधी त्यावरचं नाव तपासलं, मग ग्राहक क्रमांक. दोन्ही आमचेच होते. युनिट मात्र ३१६. आमच्या घरात चार माणसं. उन्हाळा संपला की आमचा आकडा २४० च्या आसपास येऊन थांबतो, गेली कित्येक वर्षं. त्यात तीनशेची रेघ ओलांडली की वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो. वहन आकार आणि वर सोळा टक्के वीज शुल्क धरून एका बिलात हजार-अकराशे रुपयांचा फरक पडला होता.

मीटर जूनच्या मध्यावर बदलला होता. कोथरूडमधली आमची सोसायटी १९९१ सालची, चार मजले आणि सोळा घरं. मी तिची सेक्रेटरी, त्यामुळे मीटर बदलायला आलेल्या दोन मुलांपाशी मीच उभी होते. जुना मीटर उतरवला, शेवटच्या रीडिंगचा फोटो काढला, मला दाखवला, नवा बसवला. एका घराला वीस मिनिटं. सगळं डोळ्यांसमोर झालेलं असल्यामुळे बिल बघून मला जास्तच धक्का बसला.

सोसायटीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पन्नासेक मेसेज जमले. चौघांची बिलं वाढली होती. ‘स्मार्ट मीटर पळतो’ हे वाक्य शहरात आधीपासून फिरत होतंच. २०२४ मध्ये राज्यभर या मीटरना विरोध झाला, प्रीपेडची भीती होती, आणि त्या जूनमध्ये सरकारने जाहीर केलं की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. आता बसतात ते पोस्टपेड, महिन्याला बिल येणारे, ‘टीओडी’ मीटर, म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी किती वीज गेली तेही मोजणारे. तेवढ्याने लोकांच्या मनातला संशय जात नाही, आणि तो असण्यात गैर काही नाही. घरात न विचारता येणाऱ्या आणि पैसे मोजणाऱ्या यंत्राबद्दल माणसाने प्रश्न विचारलेच पाहिजेत.

वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, सगळे मिळून मोर्चा नेऊ. मी म्हटलं, आधी माझ्या एका मीटरचा निकाल लावू या.

ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम २०२० चे आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांत एक दुरुस्ती झाली, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मीटरचं रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर पाच दिवसांच्या आत शेजारी दुसरा, पडताळणीचा मीटर बसवून द्यायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. मी त्या दुरुस्तीचा उल्लेख करून साध्या कागदावर अर्ज लिहिला. जोडीला मागच्या वर्षभराची बिलं आणि नव्या मीटरचा फोटो. उपविभागाच्या खिडकीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी बँकेतल्या नोकरीत शिकलेली आहे.

दुसरा मीटर येईपर्यंत भाच्याने एक प्रयोग करून दाखवला. तो वाईहून इथे शिकायला आलाय, इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी दुपारी जेवून झाल्यावर म्हणाला, “आत्या, माळ्यावर जुना शंभरचा बल्ब आहे का?” होता. मीटरच्या पाटीवर ३२०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज गेली की मीटरवरचा बारीक लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो, असा त्याचा अर्थ. शंभर वॅटच्या बल्बला एक युनिट जाळायला दहा तास लागतात, म्हणजे तासाला ३२० वेळा लुकलुक, म्हणजे सव्वाअकरा सेकंदांना एकदा. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि एकटा बल्ब लावला. भाचा खाली मीटरपाशी घड्याळ घेऊन, मी जिन्यात, काका आमच्या दोघांच्या मध्ये.

दहा लुकलुकींना ११२ सेकंद लागायला हवे होते. लागले १०४.

“पळतोय!” काकांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. पुन्हा मोजलं, पुन्हा १०४. दोन दारं उघडली, माणसं जिन्यात आली. मलाही वाटलं, सापडला. भाचा मात्र काही न बोलता वर आला आणि मल्टिमीटरच्या दोन पिना प्लगमध्ये घातल्या. २४२ व्होल्ट. बल्बवर लिहिलेले शंभर वॅट २३० व्होल्टला असतात. व्होल्टेज वाढलं की तोच बल्ब जास्त वीज ओढतो, २४२ ला साधारण १०८ वॅट. त्या हिशेबाने दहा लुकलुकींना १०४ सेकंदच लागतात. वीजपुरवठ्यात सहा टक्के वरखाली चालतं, २१६ ते २४४, त्यामुळे २४२ सुद्धा नियमातच बसतं. मीटर अगदी चोख होता. काका गप्प होऊन वर गेले. मला मात्र त्या दुपारी कळलं की मोजणं आणि मोजलेल्याचा अर्थ लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण घाईघाईत पहिलं करून दुसऱ्यावर शिक्का मारतो.

पडताळणीचा मीटर चौथ्या दिवशी बसला. पंधरा दिवसांनी मी दोन्हींचे आकडे वहीत लिहिले. दोन्हींवर १५७ युनिट, फरक होता तो दशांशानंतर. कनिष्ठ अभियंता साहेब म्हणाले, “मॅडम, मीटर बरोबर आहे. घरातला वापर तपासा.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण घरात नवं काहीच आलं नव्हतं. फ्रिज तोच, गिझर तोच, सासूबाईंची गादीपाशी चालणारी पंख्याची हवा तीच. दोन बरोबर मीटर आणि न वाढलेला वापर, तरी बिल वाढलेलं. महिनाभर मी त्या कोड्यात होते.

ते सुटलं गौरी-गणपतीत. दरवर्षी आम्ही सगळे वाईला माझ्या माहेरी जातो. यंदा निघताना फ्रिज रिकामा केला आणि घरातल्या बोर्डावरचे सगळे एमसीबी, म्हणजे वीज तोडणारे खटके, खाली केले. चार रात्री घर पूर्ण बंद. परत आल्यावर सहज म्हणून वीज कंपनीचं ॲप उघडलं आणि ‘वापर’ या पानावर गेले. तिथे दर अर्ध्या तासाचा आलेख असतो. तोवर मी फक्त महिन्याचा आकडा बघत होते, आलेखाकडे लक्षच गेलं नव्हतं.

दिवसभर रेघ शून्यावर. संध्याकाळी बरोबर साडेसहाला ती एक पायरी चढली होती: अर्ध्या तासाला ०.११ युनिट. ती तशीच, हलली नाही, डुलली नाही, रात्रभर सरळ. पहाटे सहाला पायरी उतरली, पुन्हा शून्य. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच, चौथ्याही. फ्रिजचा आलेख असा नसतो, तो करवतीच्या दातांसारखा वरखाली होतो. माणसांचा तर मुळीच नसतो. साडेसहा ते सहा इतकं शिस्तीत चालणारं आमच्या इमारतीत एकच काही आहे: जिन्याच्या दिव्यांचा टायमर. तो मीच लावलेला आहे.

हिशेब कागदावर मांडला. साडेअकरा तास म्हणजे २३ अर्धे तास, प्रत्येकी ०.११, रात्रीला अडीच युनिट, महिन्याला ७६. आणि २४० मध्ये ७६ मिळवले की ३१६. आकडा असा तंतोतंत जुळला तेव्हा अंगावर काटा आला.

पण जिन्याचे दिवे सोसायटीच्या मीटरवर आहेत. त्यांचं बिल सोसायटी भरते, चेकवर माझीच सही असते. मग ते माझ्या घरच्या मीटरवर कसे?

भाचा कॉलेजमधून टाँग टेस्टर मागून घेऊन आला. वायर न कापता तिच्याभोवती चिमटा लावून प्रवाह मोजायचं ते उपकरण. संध्याकाळी साडेसहाच्या आधी पाच मिनिटं आम्ही मीटर बोर्डापाशी उभे राहिलो. घरातले एमसीबी पुन्हा खाली. फेजच्या, म्हणजे वीज घरात आणणाऱ्या वायरीला चिमटा लावला: शून्य. न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरीला लावला: शून्य. जिन्यातले दिवे लागले. फेज अजूनही शून्य, न्यूट्रल ०.९७ अँपिअर. सगळं बंद असलेल्या घराच्या न्यूट्रलमधून जवळजवळ एक अँपिअर वाहत होता. आणि मीटरवर ‘अर्थ’ अशा खुणेपाशी एक बारीक लाल दिवा पेटला. तो मी रोज संध्याकाळी बघत होते. मीटर चालू असल्याची खूण असेल, असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला जंक्शन बॉक्स उघडला. काळपट पडलेल्या टेपखाली दोन वायरी पिळून जोडलेल्या होत्या. कधी काळी भिंतीतल्या पाइपात जिन्याच्या दिव्यांचा न्यूट्रल तुटला असणार. नवी वायर ओढायची म्हणजे प्लास्टर फोडणं आलं. तेव्हा ज्याने कुणी दुरुस्ती केली, त्याने जवळून जाणारा आमच्या घराचा न्यूट्रल त्याला जोडून दिला. जिन्यातले आठ आणि पार्किंगमधले तीन, वीस-वीस वॅटचे अकरा दिवे: फेज सोसायटीच्या मीटरमधून येणार आणि परतीचा प्रवाह माझ्या मीटरमधून जाणार. दिवे लागत होते, कुणाची तक्रार नव्हती, आणि तो जोड वर्षानुवर्षं भिंतीत राहिला.

जुना मीटर फक्त फेजकडचा प्रवाह मोजायचा, म्हणून त्याला हे कधी दिसलं नाही. नवा मीटर दोन्हीकडचा मोजतो आणि जो जास्त असेल तो धरतो. मीटरवर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडून परतीचा प्रवाह जमिनीत सोडायचा, ही वीजचोरीची जुनी पद्धत. ती पकडायला ही सोय केलेली असते. माझ्या घरात चोरी नव्हती, पण मीटरच्या दृष्टीने लक्षण तेच होतं. म्हणजे तीच वीज दोनदा मोजली जात होती: एकदा सोसायटीच्या फेजवर, एकदा माझ्या न्यूट्रलवर.

पैशांचं एक वेळ सोडून देऊ. वायरमनने जे पुढे सांगितलं त्याने मला दोन रात्री झोप आली नाही. कुणी माझ्या घरात काम करताना मेन बंद आहे या भरवशावर न्यूट्रल सोडवला असता आणि त्याच वेळी जिन्याचे दिवे चालू असते, तर त्या मोकळ्या टोकावर दिव्यांमधून आलेली पूर्ण वीज उभी राहिली असती. मागच्याच दिवाळीआधी आम्ही पंखा बदलून घेतला होता. शिडीवर चढलेला तो मुलगा मला आठवला. काम सकाळी झालं म्हणून निभावलं. घरात आरसीसीबी नावाचं सुरक्षेचं बटण असतं तर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहातला फरक ओळखून ते पहिल्याच संध्याकाळी ट्रिप झालं असतं. आमच्या काळातल्या इमारतींत ते बसवलेलंच नसतं. आता सोळाही घरांत बसवलंय, आणि यात मी कुणाचंही ‘बघू पुढच्या महिन्यात’ ऐकलं नाही.

प्लास्टर फोडून नवा न्यूट्रल ओढला. त्या संध्याकाळी साडेसहाला मी खाली उभी होते. जिना उजळला आणि मीटरवरचा ‘अर्थ’चा लाल दिवा पेटला नाही. पुढचं बिल २३८ युनिटांचं आलं. वायरिंग सोसायटीचं होतं म्हणून माझे जादा गेलेले पैसे समितीने दुरुस्ती निधीतून भरून दिले. बिल वाढलेल्या बाकीच्या तिघांचे आलेखही आम्ही एकत्र बसून पाहिले. दोघांकडे खरोखरच वापर वाढला होता. तिसऱ्याकडे गिझरचा थर्मोस्टॅट अडकलेला निघाला, पाणी दिवसभर तापत राहायचं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती इथे लिहायलाच हवी. आनंदाच्या भरात मी आलेखाचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत भाच्याचा फोन आला. “आत्या, तो काढ आधी. त्यात तुमचं घर चार दिवस बंद होतं हे तारखेनिशी दिसतंय.” मी तो लगेच काढला. पण मग विचार सुरू झाला. घरात माणसं किती वाजता उठतात, कधी बाहेर पडतात, कधी परत येतात, सणाला कुठल्या तारखेपासून नसतात, हे सगळं त्या रेघेत आहे. हे हिशेब आता लाखो घरांचे साठणार. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. या आलेखावर पहिला हक्क ज्याच्या घराचा तो आहे त्याचा, आणि तो कुणाला दाखवला जातो हे त्याला कळलं पाहिजे, यावर ग्राहकांनी अडून बसायला हवं असं मला मनापासून वाटतं. नव्या मीटरच्या विरोधात बोलणाऱ्यांनी ‘पळतो’ यापेक्षा हा मुद्दा धरला असता तर तो जास्त टिकला असता.

आलेख बघायची सवय लागली ती लागलीच. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. वॉशिंग मशीन आणि इस्त्री मी दुपारी आणली. सकाळच्या गिझरचं काही करता येत नाही, शाळेची बस आठला येते. महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट दिवसाच्या वेळेत बसतात आणि सत्तरेक रुपये वाचतात. सोसायटीचा पाच हॉर्सपॉवरचा पंप रोज संध्याकाळी सातला दोन तास चालायचा, कारण वॉचमनची ती वेळ ठरलेली होती. तो आता सकाळी अकराला चालतो. कुणाच्या घरी पाणी कमी आलं नाही.

सत्तर रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. त्याला उत्तर देताना मला २००६ आठवलं. पुण्यात राहणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या कुणालाही ते साल विसरता येणार नाही. राज्यात हजारो मेगावॅटची तूट होती, गावोगाव भारनियमन होतं. त्या वेळी इथल्या उद्योजकांनी आणि ‘प्रयास’ या पुण्यातल्या संस्थेच्या ऊर्जा गटाने मिळून एक मार्ग काढला. कारखान्यांनी टंचाईच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी ग्रिडवरची वीज शहराला सोडायची, आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलात थोडा-थोडा वाटून घ्यायचा. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते देशभर गाजलं. तेव्हा फोन करून, बैठका घेऊन, मोठ्या कारखान्यांपुरतं जे जमवलं, ते आता घरोघरच्या मीटरमधून जमू शकतं. तेही डिझेल न जाळता.

कारण वीज साठवून ठेवणं महाग आहे. जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते, ५० हर्ट्झचा तोल राखून. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं देशाने दिवे घालवले, तेव्हा मागणी ३१,००० मेगावॅटहून जास्त घसरली. ती घसरण आणि नंतरची चढण जलविद्युत केंद्रांनी मिनिटामिनिटाला पाणी कमी-जास्त करून सांभाळली. ती वेळ आधी ठरलेली होती, म्हणून जमलं. रोजच्या संध्याकाळी कुणी काही ठरवत नाही. सूर्य मावळतो, छपरांवरची आणि माळरानावरची सौरवीज थांबते, आणि नेमके त्याच तासाला घरोघरी दिवे, टीव्ही, पंप, एसी सुरू होतात. ती संध्याकाळ भागवायला महाग वीज घ्यावी लागते आणि तिचा भार शेवटी सगळ्यांच्या दरात येतो. दहा लाख घरांनी प्रत्येकी दोन किलोवॅटचं एखादं काम त्या तासातून दुपारी नेलं, तर २,००० मेगावॅट हलतात. आमच्या कोयनेची सगळी क्षमता १,९६० मेगावॅट आहे. आणि राज्यात घरगुती ग्राहक दोन कोटींच्या वर आहेत. हे मी नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं. तो आता त्याची स्कूटर रविवारी दुपारी चार्ज करतो.

मीटरचा आणखी एक गुण ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी रात्री कळला. साडेदहाला वीज गेली. काकांनी १९१२ ला फोन लावायला घेतला तोवर कोपऱ्यावरच्या डीपीपाशी गाडी उभी होती. लाइनमन म्हणाला, वीज जाताना हे मीटर शेवटचा एक संदेश पाठवतात. एका डीपीवरच्या सगळ्यांचे संदेश एकदम आले की बिघाड घरात नसून डीपीवर आहे हे ऑफिसात कळतं. पूर्वी तक्रार येईपर्यंत थांबायचं, मग टॉर्च घेऊन एकेक खांब बघत जायचं. भर पावसात खांबावर चढणाऱ्या माणसाची ती पायपीट वाचते, हे मला आमच्या वाचलेल्या अर्ध्या तासापेक्षा मोठं वाटलं.

सगळंच गोड नाही. दर महिन्याच्या बारा-तेरा तारखेला येणारा आमचा मीटर रीडर आता येत नाही. दारातल्या कुत्र्याचं नाव त्याला ठाऊक होतं. त्याला आता काय काम मिळालं, हे विचारायला त्याचा नंबर माझ्याकडे नाही. इतकी वर्षं तो दारात येत होता आणि मी तो घेतला नाही. मीटरमुळे गळती आणि चोरी कमी होऊन जे वाचणार आहे, त्यातला काही वाटा या माणसांना नवं काम शिकवण्यात गेला पाहिजे. प्रीपेडबद्दलही माझं मत तितकंच ठाम आहे. ज्याला हवं त्याने घ्यावं, लादू नये. हातावर पोट असलेल्या घरात रात्री अकराला पैसे संपले म्हणून अंधार होणं आणि मला महिनाअखेरीस बिल येणं, यात फार अंतर आहे.

हे मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींमुळे शिकले. त्यांच्या वस्तीत सप्टेंबरमध्ये मीटर बदलले. परवा ओट्याशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “वहिनी, आमचा पण पळतोय बघा. दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही, अन् बिल दीडपट.” मी त्यांना हात पुसून बसायला सांगितलं. त्यांच्या मुलीच्या फोनवर ॲप घेतलं, बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला, नोंदणी केली. फोनची काच तडकलेली, त्यामुळे आलेख दोन तुकड्यांत दिसत होता. दुपारी ते सगळे कामावर असतात, खोलीला कुलूप असतं. तरी अकरा ते पाच एक सपाट रेघ होती, शून्याच्या वर, न हलणारी. भिंतीला भिंत लागून आठ खोल्या, आणि बाजूला शिलाई मशीन चालतं, असं मावशी म्हणाल्या.

त्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी घरात नसताना हे कोण जाळतंय?”

शनिवारी दुपारी भाचा टाँग टेस्टर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. मीही जाणार आहे. अर्ज लिहून ठेवलाय, पोच घ्यायला सोमवारी मावशींसोबत खिडकीवर उभं राहायचं आहे.